डायोडचा ग्राफ हाताने काढला, मग रेग्युलेटर कळला

डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, चालू व्हायला सिलिकॉनला ०.७ व्होल्ट आणि जर्मेनियमला ०.३. बारावीच्या फिजिक्समध्ये तेच, बीएस्सीला तेच, डिप्लोमाच्या व्हायव्हाला पण पहिला प्रश्न तोच. आणि त्यानंतर झीनरचं सर्किट येतं, झीनर म्हणजे उलटा जोडल्यावर ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड, मग ७८०५ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर येतो, तीन पायांचा काळा चौकोन, आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही, इनपुटला १२ द्या आउटपुटला ५ घ्या. मला हे सगळं एकमेकांना जोडून समजून घ्यायची फार वर्षांची इच्छा होती. शाळेत विज्ञान शिकवते मी, दहावीपर्यंत, तिथे याचा संबंध फारसा येत नाही, पण फिजिक्स घेऊन शिकलेल्या माणसाला आपल्या घरातल्या प्रत्येक ॲडॉप्टरमध्ये काय बसलंय ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

यंदा मे महिन्यात भाचा आमच्याकडे कराडला राहायला आला, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं पहिलं वर्ष झालेलं, आणि तो म्हणाला आत्या, कॉलेजात डायोडचं प्रॅक्टिकल झालं पण किट तयार होतं, आम्ही फक्त रिडींग लिहून घेतली. मग आम्ही दोघांनी ठरवलं की सुट्टीत हे सगळं मुळापासून करायचं, किट नको, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट जोडायची भोकांची पाटी) घ्यायचा आणि सुटे पार्ट.

पार्ट आणायला पुण्याला गेलो, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत. ज्यांनी ती गल्ली पाहिली नाही त्यांना सांगते, एकेका दुकानात भिंतभर छोटे ड्रॉवर, आणि काउंटरवरचा मुलगा तुम्ही नंबर बोलायच्या आत हात घालून वस्तू काढतो. १एन४००७ म्हणजे सगळ्यात कॉमन रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) डायोड, १ अँप आणि १००० व्होल्टपर्यंत उलटा दाब सहन करणारा, तो रुपया-दीड रुपयाला मिळतो. काचेचा छोटा १एन४१४८ घेतला, ३.३, ५.१ आणि ६.८ व्होल्टचे झीनर घेतले, अर्ध्या वॅटचे. ७८०५, एलएम३१७ (आउटपुट हवं तेवढं लावता येणारा रेग्युलेटर), ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर, कपॅसिटर. एक बरा डिजिटल मल्टिमीटर घरी होताच. एवढ्या सामानात जे शिकायला मिळतं ते पाहता हा खर्च काहीच नाही.

आता पहिला प्रयोग. अगदी साधा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक रेझिस्टर आणि १एन४००७ सिरीजमध्ये, डायोडवर मीटरचे प्रोब. रेझिस्टर बदलत जायचं, १ मेगाओहम, मग १०० किलोओहम, मग १० किलो, मग १ किलो. करंट वेगळा मोजायची गरजच नाही, बॅटरीचे व्होल्ट वजा डायोडचे व्होल्ट भागिले रेझिस्टर, झालं. म्हणजे ढोबळमानाने ९ मायक्रोअँप, ९० मायक्रोअँप, ०.८५ मिलिअँप आणि ८.३ मिलिअँप. आणि डायोडवर काय आलं? ०.३४, ०.४४, ०.५५, ०.६५.

हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि मी बघतच बसले. करंट दरवेळी साधारण दहापट वाढतोय आणि व्होल्टेज दरवेळी फक्त ०.१ ने वाढतंय! दहापट करंट, शंभर मिलिव्होल्ट. परत दहापट, परत शंभर. ०.७ ही या रस्त्यावरची एक जागा आहे, दहा-वीस मिलिअँपच्या आसपासची, त्याच्या खाली पण डायोड चालू असतो आणि वर पण, याच डायोडमधून पूर्ण १ अँप गेला तर डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, जास्तीत जास्त १.१ व्होल्ट लिहिलेत. "०.७ च्या खाली डायोड बंद" हे वाक्य हिशोबाच्या सोयीसाठी ठीक आहे, पण ते शिकवताना त्याच्या जोडीला हे चार आकडे दाखवायलाच पाहिजेत असं माझं ठाम मत झालंय.

भाच्याने साध्या ग्राफ पेपरवर काढलं तर ती पुस्तकातली ओळखीची गुडघ्यासारखी वाकलेली रेषा आली. मग मी स्टेशनरीच्या दुकानातून सेमीलॉग पेपर आणला, ज्याच्या एका बाजूला प्रत्येक मोठी पायरी दहापटीची असते, करंट त्या लॉग बाजूला टाकला, आणि तेच चार ठिपके सरळ रेषेत! गुडघा गायब. म्हणजे तो गुडघा आपण कुठला स्केल घेतो त्यावर असतो, डायोडच्या आत तशी कुठलीही ठराविक पायरी नाही. शॉकलीच्या, म्हणजे डायोडच्या नेहमीच्या समीकरणात करंट व्होल्टेजच्या एक्स्पोनेन्शिअलने वाढतो ते हेच. समीकरणाप्रमाणे आदर्श जंक्शनला, म्हणजे डायोडच्या आतल्या सांध्याला, दहापट करंटसाठी खोलीच्या तापमानाला ६० मिलिव्होल्ट लागतात, आमच्या ४००७ ला शंभर लागत होते, कारण खऱ्या डायोडमध्ये जंक्शनच्या मधल्या पट्ट्यातच इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकमेकांना भेटून संपतात आणि त्यामुळे तो एन नावाचा फॅक्टर १ आणि २ च्या मध्ये कुठेतरी येतो. पुस्तकात एन फक्त लिहिलेला असतो, इथे तो आमच्या कागदावर रेषेच्या उतारातून बाहेर पडला.

उतार. हा शब्द इथून पुढे शेवटपर्यंत लागणार आहे म्हणून जरा थांबून सांगते. करंट थोडा बदलला तर व्होल्टेज किती बदलतं, हा तो उतार, पुस्तकात त्याला डायनॅमिक रेझिस्टन्स म्हणतात. साध्या रेझिस्टरचा तो कायम एकच. डायोडचा मात्र करंट वाढला की कमी होतो, १ मिलिअँपला आदर्श डायोडचा २५ ओहम, १० मिलिअँपला २.५, आमच्या डायोडचा त्याच्या दुपटीच्या आत. जेवढा उतार कमी तेवढं व्होल्टेज जागेवर बसून राहतं, करंट काहीही करो. व्होल्टेज रेग्युलेशन म्हणजे दुसरं काय!

हे डोक्यात आल्यावर आम्ही लगेच तीन ४००७ सरळ दिशेनेच एकामागे एक जोडले, १ किलोओहममधून. आलं १.९५ व्होल्ट. मग बॅटरी काढून १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला. इनपुट ३ व्होल्टने वाढलं आणि तीन डायोडवरचं व्होल्टेज वाढलं फक्त ०.०५ च्या आसपास. झीनर अजून पाकिटातून काढला पण नव्हता आणि रेग्युलेटर तयार. भाचा म्हणाला, "आत्या, मग झीनर कशाला लागतो?" प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर आम्हाला बर्फाने दिलं.

झालं असं की मला पुस्तकातलं ते वाक्य तपासायचं होतं, सिलिकॉन डायोडचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं. नेहमी सांगतात डायोड चिमटीत धरा आणि रिडींग खाली जाताना बघा. पण मे महिन्यातल्या कराडात दुपारी खोलीच ३५ अंशांना, बोटांचं तापमान तेवढंच, रिडींग हलायलाच तयार नाही. मग फ्रिजमधून बर्फ काढला, स्टीलच्या वाटीत थोडं पाणी आणि बर्फ, डायोड छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाय बाहेर ठेवून आत बुडवला. १० किलोओहम लावलेला होता, म्हणजे ०.५५ दाखवत होतं. ०.५६, ०.५७, आकडा एकेक मिलिव्होल्टने चढायला लागला, आम्ही दोघं श्वास रोखून बघतोय, आणि ०.६२ च्या जरा अलीकडे येऊन थांबला. ३३-३४ अंशांचा फरक गुणिले २, म्हणजे ६६-६८ मिलिव्होल्ट. पुस्तकातला आकडा वाटीतल्या बर्फाने बरोबर काढून दाखवला. आणि तीन डायोड सिरीजमध्ये म्हणजे दर अंशाला ६ मिलिव्होल्ट घसरण. हा रेग्युलेटर थर्मामीटर म्हणून जास्त चांगला. खरंच वापरतातही तसा, बऱ्याच सर्किटमध्ये तापमान मोजायला साधा डायोड किंवा ट्रान्झिस्टरचं जंक्शनच असतं.

उलट्या दिशेचं पण करून बघितलं, आणि हा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडला. उलट्या डायोडमधून जाणारा करंट नॅनोअँपमध्ये, तो मोजायला मीटरमध्ये रेंज नाही. पण डिजिटल मीटर व्होल्टवर असताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. मग बॅटरी, उलटा डायोड आणि मीटर तिन्ही सिरीजमध्ये, मीटरने १० मिलिव्होल्ट दाखवले की समजायचं १ नॅनोअँप. १एन४१४८ लावला, काही नॅनोअँप आले. तसाच ब्रेडबोर्ड उचलून खिडकीत उन्हात नेला तर रिडींग भराभर वर! हाताने सावली केली की खाली, हात काढला की परत वर. काचेचं अंग आहे ना त्याचं, प्रकाश सरळ जंक्शनवर पडतो. काळ्या प्लास्टिकच्या ४००७ ला उन्हाने तसा फरक पडला नाही. जगदीशचंद्र बोसांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर धातूचं टोक टेकवून रेडिओ लहरी ओळखणारा जो डिटेक्टर केला, ज्याच्या अमेरिकन पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ते मिळालं, त्या खड्यावर प्रकाशाचाही परिणाम होतो हे त्यांनी टिपलं होतं. सेमीकंडक्टर उपकरणावरचं हे सगळ्यात जुनं पेटंट मानतात. कलकत्त्यात झालेलं काम आहे ते, आणि आपल्या मुलांना डायोड शिकवताना ते नाव एकदा तरी यावं असं मला फार वाटतं.

आता झीनर. तीन झीनर, तिघांना १, ५ आणि २० मिलिअँपच्या आसपास करंट देऊन बघितला, १२ व्होल्टवरून रेझिस्टर बदलून. ३.३ वाल्याने दिले २.६, ३.२ आणि ३.८. म्हणजे नाव ३.३ आणि प्रत्यक्ष सव्वा व्होल्ट इकडेतिकडे! ५.१ वाल्याने ४.७, ५.०५, ५.२. आणि ६.८ वाला ६.७५, ६.८, ६.८५, जागचा हलत नाही. त्याच कागदावर तिन्ही रेषा काढल्या तर ३.३ ची रेषा आडवी लोळलेली, ६.८ ची जवळजवळ उभी (व्होल्टेज आडवं घेतलंय, म्हणून उभी रेषा म्हणजे आपला उतार कमी). झीनरच्या पाकिटावरचा आकडा एका ठराविक करंटचा असतो, छोट्या झीनरला बहुतेक वेळा ५ मिलिअँपचा, हे डेटाशीटमध्ये बारीक अक्षरात असतं आणि तेच खरं वाचायचं असतं.

फरक का, तर आत दोन वेगळ्या गोष्टी चालतात. क्लॅरेन्स झीनर यांनी १९३४ मध्ये जी थिअरी मांडली, इलेक्ट्रॉन जोरदार फील्डमुळे अडथळ्यातून सरळ पलीकडे जातात ती, ती साधारण ५ व्होल्टच्या खालच्या डायोडमध्ये मुख्य असते. त्याच्या वर अॅव्हलांश सुरू होतो, एक इलेक्ट्रॉन जोरात आदळून दुसरे मोकळे करतो आणि ते आणखी करतात. नाव सगळ्यांचं झीनरच, पण ६.८ आणि १२ वाल्यांमध्ये काम अॅव्हलांशचं. आणि गंमत तापमानाची, पहिल्या प्रकारात थंड केलं की व्होल्टेज वाढतं, दुसऱ्या प्रकारात थंड केलं की कमी होतं. परत बर्फाची वाटी आली. ३.३ वाला ०.०७ ने वर गेला, ६.८ वाला ०.०९ ने खाली आला, आणि ५.१ वाला जेमतेम ०.०२ हलला. दोन्ही गोष्टी तिथे एकमेकींना जवळजवळ मारतात, म्हणून जुन्या सर्किटमध्ये रेफरन्स म्हणून, म्हणजे बाकीचं ज्याच्याशी ताडून बघायचं ते पक्कं व्होल्टेज म्हणून, ५.१ आणि ५.६ चे झीनर इतके दिसतात. तीन डायोडच्या प्रश्नाचं उत्तर भाच्याला इथे मिळालं, आणि ते त्याने वहीत चौकट करून लिहिलं.

मग झीनरला कामाला लावलं. १२ व्होल्ट, ३३० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, ५.१ चा झीनर. रेझिस्टरमधून येतात साधारण २१ मिलिअँप. लोड, म्हणजे आउटपुटवर चालवायची वस्तू, नसेल तर ते सगळे झीनर पितो. आउटपुटला १ किलोओहम लोड लावला, ५ मिलिअँप तिकडे गेले, झीनरकडे १६ राहिले, व्होल्टेज ५.१५. लोड ३३० ओहम, १५ तिकडे, झीनरकडे सहाच्या आत, व्होल्टेज ५.०५. लोड २२० ओहम केला तर ४.६५, झीनर आता नावापुरता. आणि १०० ओहम लावल्यावर २.८, इथे झीनर असून नसल्यासारखा, फक्त दोन रेझिस्टरची वाटणी उरली. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप असतो ना, येणारं पाणी वापरापेक्षा जास्त असेल तोपर्यंतच पातळी त्या पाइपाला धरून राहते, वापर वाढला की पाइप कोरडा आणि पातळी खाली, तसंच हे. यातून एक गोष्ट अशी पण दिसते की लोड काहीही न लावता ठेवलेलं झीनर सर्किटच सगळ्यात जास्त तापतं, डिझाइन करताना वॅटचा हिशोब त्या स्थितीचा करायचा. परीक्षेत या गणिताला "कमाल झीनर करंट" म्हणतात, ब्रेडबोर्डवर तो बोटाला कळतो.

पुढचा भाग ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे २३० व्होल्ट. इथे मी गल्लीतल्या टीव्ही रिपेअर करणाऱ्या काकांची मदत घेतली. प्रायमरीची जोडणी, फ्यूज, वरून स्लीव्ह, सगळं डब्यात बंद करून त्यांनी दिलं, बाहेर फक्त सेकंडरीच्या ६ व्होल्टच्या दोन वायर. घरी मुलं असतील तर हे असंच करा, यात घाई नको.

सहा व्होल्ट एसी म्हणजे शिखर त्याच्या १.४१ पट, साडेआठ. चार डायोडच्या ब्रिजमध्ये, जो एसीचे दोन्ही अर्धे एकाच दिशेला वळवतो, करंट दरवेळी दोन डायोडमधून जातो म्हणून दीड व्होल्ट वजा, उरले सात. प्रत्यक्षात कमी लोडला ट्रान्सफॉर्मर जरा जास्तच देतो, त्यामुळे कपॅसिटरवर आठच्या आसपास मिळत होते. आता माझी गाण्याची थोडी आवड इथे उपयोगी पडली. भाच्याकडे एलएम३८६ चा छोटा ॲम्प्लिफायर होता स्पीकरसकट, तो या सप्लायवर लावला, रेग्युलेटर न लावता, आणि कपॅसिटर मुद्दाम लहान, ४७० मायक्रोफॅरड. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. तो सूर मी पेटीवर शोधला, पांढरी पाचच्या खर्जापेक्षा किंचित चढा लागत होता. ती पट्टी ९८ हर्ट्झची आणि आपला आवाज १०० चा! मेन्स ५० हर्ट्झ, ब्रिजमधून दोन्ही अर्धे सरळ होऊन येतात म्हणून सेकंदाला १०० उंचवटे. मग ब्रिजचा एक डायोड काढला, म्हणजे हाफ वेव्ह, आणि आवाज भरड होऊन एक सप्तक खाली. फुल वेव्ह आणि हाफ वेव्हच्या आकृत्या आयुष्यात कितीदा काढल्या असतील, पण त्यांच्यातला फरक कानाने ऐकला तो त्या संध्याकाळी. ज्यांच्याकडे सीआरओ, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, नाही त्यांनी हे जरूर करून बघावं.

आता मध्ये ७८०५ बसवला, इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, डेटाशीटमध्ये आहेत तसे. आवाज पूर्ण बंद. मग आउटपुटवर ४७ ओहमचा जाड सिरॅमिक रेझिस्टर ॲम्प्लिफायरच्या शेजारी लोड म्हणून लावला, म्हणजे शंभरेक मिलिअँप, आणि घूं परत आला! मीटर बघितला तर डीसी ४.८५. म्हणजे तसं बघायला गेलं तर पाचच्या जवळच. तेवढ्यात काका आले होते, ते म्हणाले, "मॅडम, डीसीला पाच दाखवतोय म्हणून सप्लाय चांगला असं धरू नका, मीटर एसीला टाका आणि मध्ये एक कपॅसिटर घाला." मध्ये १ मायक्रोफॅरड घालून एसीवर बघितलं तर पाव व्होल्टच्या आसपास एसी त्या पाच व्होल्टच्या डोक्यावर बसलेला.

कारण कळलं ते असं. कपॅसिटर दोन शिखरांच्या मध्ये एकटाच लोड चालवतो, साधारण १० मिलिसेकंद. शंभर मिलिअँप गुणिले तेवढा वेळ भागिले ४७० मायक्रोफॅरड, येतात दोन व्होल्ट. म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज पावणेआठवरून पावणेसहापर्यंत खाली येतंय, सेकंदाला शंभर वेळा. आणि ७८०५ ला स्वतःचं काम करायला आउटपुटच्या वर दीड-दोन व्होल्ट हवेच असतात, म्हणून डेटाशीटमध्ये इनपुट किमान ७ लिहितात. त्या प्रत्येक दरीच्या तळाला रेग्युलेटरचं रेग्युलेशन सुटतं आणि दरी जशीच्या तशी आउटपुटवर उतरते. ४७० काढून २२०० चा कपॅसिटर लावला, दरी अर्ध्या व्होल्टच्या आत आली, स्पीकर शांत, एसीचं रिडींग शून्याजवळ. जुन्या उपकरणात कपॅसिटर म्हातारा झाला, फुगला, की आधी घूं ऐकू येतो, काका अशा तक्रारीत डबा उघडला की सगळ्यात आधी तोच बघतात.

७८०५ तापतो का, तापतो म्हणजे किती, याचंही उत्तर हिशोबातून निघतं. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावून दोन ४७ ओहम पॅरलल जोडले, २१० मिलिअँप. वरचे ७ व्होल्ट गुणिले ०.२१, दीड वॅट उष्णता त्या चिमुकल्या अंगात. हीटसिंक नसेल तर डेटाशीटप्रमाणे वॅटमागे ६५ अंश, म्हणजे खोलीच्या वर ९५-१०० अंश, मेच्या ३५ मध्ये मिळवले तर आतलं जंक्शन १३० च्या घरात. दूरवरूनच धग लागत होती. अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने लावली तर लगेच फरक. बारातले पाच लोडला आणि सात उष्णतेला, निम्म्याहून जास्त वाया, मोबाइलच्या चार्जरमध्ये ७८०५ का दिसत नाही आणि तिथे स्विचिंग सप्लायच, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा, का लागतो ते एवढ्या एका गुणाकारात आहे.

पण मला खरा आनंद झाला तो ७८०५ च्या आतलं सर्किट वाचताना. आत एक रेफरन्स असतो, आउटपुटचा ठराविक वाटा त्या रेफरन्सशी जुळवून बघणारा ॲम्प्लिफायर असतो, आणि फरक दिसला की मोठ्या ट्रान्झिस्टरला जास्त किंवा कमी उघडणारी जोडणी. हा फीडबॅकच आपला तो उतार जवळजवळ शून्यावर आणतो, ओहमच्या हजाराव्या भागांत. मग रेफरन्स कुठला? मला वाटलं होतं झीनर असेल. तर तिथे बँडगॅप रेफरन्स आहे. सत्तरच्या सुमारास नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये रॉबर्ट विडलर या डिझायनरने एलएम१०९ नावाचा ५ व्होल्टचा तीन पायांचा रेग्युलेटर केला, त्यात ही युक्ती वापरली. एका जंक्शनचं व्होल्टेज तापमानाबरोबर दर अंशाला २ मिलिव्होल्टने घसरतं, तेच आमचं वाटीतल्या बर्फाचं रिडींग. आणि दोन जंक्शन वेगवेगळ्या करंट डेन्सिटीवर चालवली तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक तापमानाबरोबर वाढतो, ते आमच्या सेमीलॉग रेषेच्या उतारातून येतं, कारण आदर्श जंक्शनचे ते दहापटीला ६० मिलिव्होल्ट अॅब्सोल्यूट तापमानाच्या प्रमाणात असतात. घसरणाऱ्यात वाढणारं योग्य पटीत मिळवा, तापमान रद्द, आणि हाती येतात सव्वा व्होल्टच्या आसपास, सिलिकॉनच्या बँडगॅपशी, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या ऊर्जेशी, जुळणारे. ज्या घसरणीमुळे आम्ही तीन डायोडचा रेग्युलेटर बाजूला ठेवला होता तीच घसरण इथे कामाला लावलेली! हे भाच्याला समजावून सांगताना माझा आवाज चढला असावा कारण आतून वहिनी बघायला आली काय झालं म्हणून.

एलएम३१७ मग पाच मिनिटांत कळला. आउटपुट आणि अॅडजस्ट पायामध्ये तो कायम १.२५ व्होल्ट धरून ठेवतो, तिथे २४० ओहम लावला की सव्वापाच मिलिअँपच्या आसपास पक्का करंट, तोच खालच्या पॉटमधून (बदलत्या रेझिस्टरमधून) जातो आणि आउटपुट वर उचलतो. खाली ७२० ओहम असतील तर ५ व्होल्ट. सूत्र पाठ करायची गरजच उरली नाही.

सुट्टी संपता संपता भाच्याने काकांच्या भंगारातून एक १एन५८१९ आणला, शॉटकी डायोड, धातू आणि सेमीकंडक्टरच्या सांध्याचा, स्विचिंग सप्लायमध्ये असतो तो. त्याची पण तीच चार रिडींग काढली, आणि मीटरच्या डायोड मोडवर जिथे ४००७ साडेपाचशे मिलिव्होल्ट दाखवतो तिथे हा दोनशेच्या आसपास. ब्रिजमध्ये असे चार लावले तर वाया जाणारे दीड व्होल्ट निम्म्यावर येतील, मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत, असं तो म्हणाला. मी म्हटलं उलटा करून बघ. बॅटरी, उलटा शॉटकी आणि १० मेगाओहमचा मीटर सिरीजमध्ये, तसंच. मीटरने जवळजवळ बॅटरीचे पूर्ण व्होल्ट दाखवले, म्हणजे मीटरला लागणारा मायक्रोअँपभर करंट तो उलट दिशेने सहज सोडतोय, ४००७ च्या शेकडोपट, आणि ड्रायरची गरम हवा मारली की आणखी. शिवाय उलटा दाब याला फक्त ४० व्होल्ट चालतो आणि ४००७ ला १०००. सहा व्होल्टच्या आमच्या ट्रान्सफॉर्मरला हे चाललं असतं, पण सरळ मेन्स रेक्टिफाय करायच्या जागी ४००७ च लागतो. भाच्याने ब्रिजमध्ये टाकून बघायला तसले आणखी तीन आणायचे असं ठरवलंय, पुढच्या वेळी पुण्याला गेलो की.